लिंक टाकली की पैसे सुरू होतात का? ॲफिलिएटबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरबसल्या कमाईबद्दल ओझरतं लिहिलं होतं, त्यात ॲफिलिएट (म्हणजे आपल्या लिंकवरून दुकानाचा माल विकला गेला की आपल्याला कमिशन) हा शब्द आला आणि तेवढ्यावरून इतके मेल आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, माझा रूममेट म्हणतो ॲफिलिएट लिंका टाकायच्या आणि महिन्याला ५० हजार आरामात सुटतात. खरं आहे का हे? आणि पैसे नक्की कोण देतं? (बीकॉमचा विद्यार्थी, लातूर)

पैसे देतो दुकानदार, आणि तेही विक्री झाली तरच. ॲमेझॉनने आपला ॲफिलिएट प्रोग्राम १९९६ सालीच सुरू केला होता, म्हणजे प्रकार काही नवीन नाही. तू अर्ज करतोस, तुझ्या नावाचा एक आयडी मिळतो, तो तुझ्या प्रत्येक लिंकमध्ये असतो. कुणी त्या लिंकवरून गेलं की दुकानाला कळतं हे गिऱ्हाईक तू पाठवलंस. ॲमेझॉनवर ही ओळख साधारण २४ तास टिकते, तेवढ्या वेळात त्याने काहीही घेतलं, म्हणजे तू मिक्सर दाखवलास आणि त्याने चपला घेतल्या तरी कमिशन तुला मिळतं, पण मध्येच त्याने दुसऱ्या कुणाची लिंक दाबली तर ते त्याला जातं. आणि माल परत केला की कमिशनही परत.

आता ५० हजारांचा हिशोब करू. हे आकडे मी धरलेले आहेत, तू तुझे टाकून बघ. समजा तुझा व्हिडिओ हजार लोकांनी पाहिला, त्यातल्या ५० जणांनी लिंक दाबली, दोघांनी दीड-दीड हजाराची वस्तू घेतली. विक्री झाली ३००० ची. कमिशन ५ टक्के धरलं तर १५० रुपये, आणि दोघातल्या एकाने माल परत केला तर ७५. म्हणजे कुणी काही परत केलं नाही असं धरलं तरी महिन्याला १५ हजार यायला लाखभर आणि ५० हजार यायला सव्वातीन लाखांच्या वर व्ह्यूज लागतात, तेसुद्धा वस्तू घ्यायच्या विचारात असलेल्या लोकांचे, नुसते टाईमपास करणाऱ्यांचे नाही. टक्केवारी कॅटेगरीप्रमाणे बदलते, मोबाईलसारख्या महागड्या वस्तूंवर ती फारच कमी असते, आणि नवीन मुलं नेमकी मोबाईलच्याच मागे लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसे लगेच येत नाहीत. ॲमेझॉनकडून महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी पेमेंट होतं, म्हणजे दिवाळीच्या खरेदीचं कमिशन ऑक्टोबरचं असेल तर हातात यायला डिसेंबरअखेर उजाडतो. आणि नवीन खात्याला १८० दिवसांत किमान तीन विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं, परत अर्ज करावा लागतो. रूममेटला एकच सांग, मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट दाखव. डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट नको, त्यात परत आलेला माल वजा झालेला असेलच असं नाही आणि स्क्रीनशॉट कुणीही बनवतं.

हे सगळं वाचून सोडून दे असं मी म्हणत नाहीये. पदवीचं वर्ष आहे, खर्च जवळपास शून्य आहे, लिहायला, बोलायला, विकायला शिकशील. फक्त पहिलं वर्ष पैशाच्या भरवशावर काढू नकोस आणि मेसचे पैसे यातून देईन असं घरी सांगू नकोस.

प्रश्न : एका कंपनीचं ॲफिलिएट पॅकेज १२ हजाराला आहे. त्यात डिजिटल मार्केटिंगचे कोर्स मिळतात आणि मग तेच पॅकेज आपण दुसऱ्याला विकलं की मोठं कमिशन. मीटिंगमध्ये गाड्या वगैरे दाखवल्या. भरू का? (खासगी नोकरी, अहिल्यानगर)

भरू नका. ॲफिलिएट व्हायला पैसे लागत नाहीत, चांगला कुठलाही प्रोग्राम फुकट जॉईन करता येतो. तुम्ही सांगताय त्यात बघा, कोर्स घेणारा माणूस कोर्स शिकायला घेतोय का पुढे विकायला? सगळे पुढे विकायलाच घेत असतील तर पैसा फक्त नवीन येणाऱ्यांच्या खिशातून येतोय, आणि नवीन लोक संपले की तुमच्या खालचे सगळे बुडतात. तुमच्या खालचे म्हणजे तुमचा मेव्हणा, तुमच्या ऑफिसमधली पोरं, गावाकडचे मित्र. कारण पहिली यादी ओळखीच्यांचीच करायला लावतात.

माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि डायरेक्ट सेलिंगचे २०२१ चे नियमही पिरॅमिड योजनेला स्पष्ट नाही म्हणतात, प्रवेश फी घ्यायलाही मनाई करतात. मीटिंगवाल्याला विचारा की साहेब, एकही माणूस न जोडता मला यातून काय मिळेल. उत्तर फिरवाफिरवीचं आलं तर उठून या.

ज्यांनी आधीच भरलेत त्यांनी पावती, चॅट, यूपीआयचा व्यवहार सगळं जपून ठेवा आणि उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवा, ग्राहक म्हणून तक्रार करायची तर १९१५ आहे. लाज वाटून गप्प बसू नका, अशा ठिकाणी शिकली-सवरलेली माणसंही अडकलीत.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा आणि माहेरचा मिळून माझा २५० बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी त्यावर रोज डील्सच्या लिंका टाकत होते. चार महिने कमिशन दिसत होतं आणि एकदम खातंच बंद केलं, पैसेही अडकले. माझं काय चुकलं? (गृहिणी, सांगली)

ताई, तुमची तळमळ कळतेय, चार महिने रोज लिंका टाकणं सोपं नाही. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की कधीकधी नणंदेचं सामान तुमच्याच लिंकवरून मागवलं आणि एकदा घरचा फ्रीजही. बहुतेक तिथेच अडलंय. स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी आपल्याच लिंकवरून खरेदी करणं जवळपास सगळ्या प्रोग्राममध्ये बाद आहे. ॲमेझॉनचं उदाहरण देते, तिथे छापील कागदावर लिंक द्यायला मनाई आहे, ईमेल-एसएमएसवरही बंधनं आहेत, तुम्ही कुठे लिंक टाकता ती जागा खात्यात आधी नोंदवावी लागते, आणि किंमत हाताने लिहायची नाही कारण ती तासाभरात बदलू शकते. तुमच्या प्रोग्रामचा करार उघडा आणि खासगी व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल काय लिहिलंय ते बघा. मग चुका मान्य करून एक सरळ मेल लिहा. खातं कधी परत सुरू होतं कधी नाही, पण मागणं तर मागून बघा.

पण मला जास्त बोलायचंय ते डील्सबद्दल. रोज ३० लिंका टाकणारे हजारो ग्रुप आहेत, त्यात तुमचा ग्रुप वेगळा कशासाठी ठेवायचा? तुमच्याच पत्रात एक वाक्य आलंय, की "घरघंटी घ्यायची असली की सगळ्या मलाच विचारतात कारण माझ्याकडे सहा वर्षांपासून आहे". अहो, हा तुमचा धंदा!

घरघंटी म्हणजे पंधरा-वीस हजारांची वस्तू, बाई दहा वेळा विचार करते. कंपनीच्या पानावर काय असतं, तर मोटर एक एचपी, ऑटोमॅटिक, वॉरंटी. बाईला काय हवं असतं? ज्वारी बारीक निघते का आणि भाकरी थापताना पीठ तुटतं का. भाजणीला कुठली जाळी, रव्याला कुठली. बाजरी दळल्यावर आत राहिलेलं पीठ पुढच्या गव्हात येतं का. दुपारी बाळ झोपलेलं असताना चालवली तर जाग येईल का. लाईट बिल किती वाढेल. याचं उत्तर तर गणितातच आहे, एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, तासभर चालवली तर साधारण पाऊण युनिट. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, बिघडली तर तासगावला, विट्याला माणूस येतो का की पुण्याला पाठवायची.

यावर तुम्ही एकेक छोटा व्हिडिओ करा. तुमच्याच स्वयंपाकघरात, तुमच्याच आवाजात, जाळी काढून दाखवत, पीठ चिमटीत धरून कॅमेऱ्याजवळ नेत. चेहरा दाखवायचा नसेल तर हात पुरे. जे खटकतं तेही सांगा, कापडी फिल्टर धुवायला कंटाळा येतो तर येतो म्हणा. डिस्क्रिप्शनमध्ये लिंक, आणि मराठीत स्पष्ट ओळ, की या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुम्हाला किंमत तीच पडते. असे पंधरा-वीस व्हिडिओ झाले की घरघंटी घेणारी महाराष्ट्रातली बाई तुम्हाला शोधत येते, आणि ती डील बघायला आलेली नसते, घ्यायलाच आलेली असते. मग भाजणीच्या रेसिपी, धान्य साठवायचे डबे, चाळण्या, विषय वाढत जातो.

ग्रुप बंद करू नका, पण तिथे रोजचा भडिमार थांबवा. आठवड्याला एखादी खरंच कामाची गोष्ट टाका.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातला, घरची आठ एकर कपाशी आणि तूर. यूट्यूबवर शेतीच्या अवजारांचे व्हिडिओ टाकतो. फवारणी पंपांच्या लिंका टाकल्या तर चालेल का? वेबसाईट पण काढू का? (शेतकरी तरुण, यवतमाळ)

चालेल, आणि तुझ्यासारख्याने टाकायलाच पाहिजेत. कारण आत्ता चार्जिंगच्या पंपाचा रिव्ह्यू म्हणजे कुणीतरी खोक्यातून पंप काढतो, १६ लिटर, १२ व्होल्ट, ८ अँपिअर हे खोक्यावरचं वाचून दाखवतो आणि खाली लिंक देतो. त्याने तो पाठीवर घेतलेलाच नसतो. तू घेतलेला आहेस. भरलेला पंप पाठीवर वीसेक किलोचा होतो, पट्टा खांद्यात कुठे रुततो, चार्जिंग एका दिवसात किती टाक्यांना पुरतं, दुसऱ्या हंगामात बॅटरी किती उतरते, नोझल चोंदलं तर शेतात उभ्या उभ्या काय करायचं, वॉशर तालुक्याला मिळतो का, हे तूच सांगू शकतोस. दोन हंगाम वापरलेल्या पंपाचा व्हिडिओ कर, नवीनपेक्षा जास्त बघतील. आणि जून-जुलैलाच टाक, फवारणी सुरू झाल्यावर लोकांनी घेऊन टाकलेला असतो.

पण तुझ्या जिल्ह्यात २०१७ ला काय झालं ते तू विसरला नसशील. कपाशी डोक्याबरोबर वाढलेली, फवारा अंगावर-तोंडावर येत होता, विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, पंपाची लिंक देशील तिथे मास्क, गॉगल, हातमोजे, अंगभर कपडे यावर आधी बोल, आणि व्हिडिओत तू स्वतः ते घातलेले दिसू देत. उघड्या अंगाने फवारतानाचा शॉट छान येत असेल तरी टाकू नकोस. कीटकनाशकांच्या लिंका टाकू नकोस, कोणतं औषध किती मारायचं हे कृषी विद्यापीठ आणि सहायक कृषी अधिकाऱ्याने (पूर्वीचे कृषी सहायक) सांगायचं काम आहे, कमिशनसाठी आपण त्यात पडायचं नाही.

वेबसाईटचं म्हणशील तर आत्ता नको. नुसत्या "टॉप १० पंप" छापाच्या साईटींचे दिवस फारसे राहिलेले नाहीत. गूगल गेली काही वर्षं अशा वरवरच्या रिव्ह्यूंना मागे ढकलतंय, आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतातही सर्चमध्ये वरच एआयचं तयार उत्तर यायला लागलंय, माणूस खाली येतोच कशाला. यूट्यूबवर तुझा चेहरा, तुझी कपाशी, तुझी वऱ्हाडी आहे, ते कुणी कॉपी करू शकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये यूट्यूबने फ्लिपकार्ट आणि मिंत्रासोबत भारतात स्वतःचा शॉपिंग ॲफिलिएट प्रोग्रामही सुरू केलाय, त्यात व्हिडिओवरच वस्तू टॅग करता येते. चॅनल त्यांच्या अटींत बसायला लागलं की बघ. पण सगळं एकाच ठिकाणी ठेवू नकोस, बघणाऱ्यांना तुझ्या व्हॉट्सॲप चॅनलवरही घे, उद्या यूट्यूबचं काही बिनसलं तर माणसं तुझ्याकडे राहतील.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पुस्तकं आणि शैक्षणिक साहित्याच्या लिंकांमधून कमिशन घेतलं तर नोकरीला धोका आहे का? टॅक्सचं कसं? (शिक्षक, सातारा जिल्हा)

सर, आधी परवानगी. जिल्हा परिषद सेवकांचे वर्तणूक नियम १९६७ चे आहेत, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे १९७९ चे, आणि दोन्हीकडे पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. रक्कम छोटी आहे म्हणून सूट नाही. लेखी अर्ज करा, लेखी उत्तर घ्या. घरच्या मॅडमच्या, म्हणजे पत्नीच्या नावाने करायचं म्हणत असाल तर काम खरंच त्यांनी केलेलं हवं, पैसे त्यांच्या खात्यात आणि रिटर्नही त्यांचं, आणि तेही ऑफिसला कळवून ठेवा. आणि आपल्याच वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर लिंक कधीच टाकू नका, परवानगी असली तरी नाही. पालकांना सरांना नाही म्हणता येत नाही.

टॅक्सचं थोडक्यात सांगते. कमिशनवर टीडीएस कापला जातो, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांऐवजी २ टक्के झालाय, आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजारांच्या वर कमिशन गेलं तर कापतात. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के जातात, म्हणून पॅन आधी टाका. हे उत्पन्न धंद्याचं धरलं जातं, पगारदारांचा साधा फॉर्म चालत नाही, वर्षाला एकदा सीएला दाखवा. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी २० लाख आहे, तिथपर्यंत सध्या डोक्याला ताप नको.

एक मात्र सगळ्यांनाच लागू आहे. कमिशन मिळत असेल तर ते लोकांना दिसेल असं सांगायलाच हवं. ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे इन्फ्लुएन्सर नियम २०२१ पासून आहेत, ग्राहक मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शन काढलं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, परत तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. पंधरा हॅशटॅगच्या शेवटी लपवलेला शब्द म्हणजे सांगणं नव्हे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला) आहे, वर्क परमिट नाही. मराठी पदार्थांचं इन्स्टा पेज आहे, लिंका टाकू का? (गृहिणी, अमेरिका)

वर्क परमिट हातात येईपर्यंत नको. तिथे राहून पेज चालवायचं, लिंका टाकायच्या आणि कमिशन घ्यायचं हे काम धरलं जाऊ शकतं, आणि पैसे पुण्याच्या खात्यात घेतल्याने ते बदलत नाही. काही शे डॉलरसाठी घरच्या सगळ्यांचं ग्रीन कार्ड टांगणीला लावू नका. पेज मात्र जरूर वाढवा, बिनपैशाने. परमिट आलं की इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून सुरू करा.

प्रश्न : आमची देवगडला हापूसची बाग आहे, आम्ही स्वतः पेट्या पाठवतो. आम्हीच लोकांना कमिशन देऊन ॲफिलिएट ठेवले तर? (बागायतदार, सिंधुदुर्ग)

हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण या सगळ्यात खरा धंदा ज्याच्याकडे माल आहे त्याचा. आणि याला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येकाला एक कोड द्या, ऑर्डर घेताना "कोड काय" एवढं विचारा, एका शीटमध्ये कोड, पेटी, तारीख लिहा, झालं.

सुरुवात जुन्या गिऱ्हाईकांपासून करा. डोंबिवलीची एखादी काकू जी दरवर्षी तुमच्याकडूनच घेते आणि सोसायटीत सगळ्यांना सांगते, ती कुठल्याही इन्फ्लुएन्सरपेक्षा जास्त पेट्या काढेल. चार-पाच जणच घ्या पहिल्या हंगामात.

टक्के ठरवताना जपून. समजा पेटी दोन हजाराची, त्यात खोका, पेंढा, कुरिअर, मजुरी आणि वाटेत खराब होणारी फळं धरून तुमच्या हातात ४०० राहतात. १० टक्के कमिशन ऐकायला कमी वाटतं पण ते २०० होतात, म्हणजे निम्मा नफा गेला. त्यापेक्षा पेटीमागे ठरावीक ७०-८० रुपये ठेवा, समोरच्यालाही कळायला सोपं.

हापूसला २०१८ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, कोकणातल्या पाच जिल्ह्यांसाठी. तुमची नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटो प्रत्येकाला द्या, नसेल तर या पावसाळ्यात करून घ्या, कारण मार्चमध्ये देवगडच्या नावाखाली काय काय विकलं जातं ते तुम्हीच जास्त जाणता. ॲफिलिएटने काय बोलायचं नाही तेही लिहून द्या, शुगरवाल्यांना चालतो वगैरे दावे अजिबात नकोत, आणि मला पेटीमागे पैसे मिळतात हे त्यांनी सांगायचं. पेटी पोचून सात दिवस तक्रार आली नाही की आठव्या दिवशी यूपीआयने पैसे सोडा, त्यांनी मागायची वाट बघू नका, पुढच्या मार्चला तुम्हाला हीच माणसं परत लागणार आहेत.